पहियासचं किपिंग पुण्यात: तांदळाची रंगीत पानं, आरांग्या आणि दारापुढची सजावट

फिलिपिन्सच्या केसॉन प्रांतात, बनाहाव डोंगराच्या पायथ्याशी लुकबान नावाचं गाव आहे. दरवर्षी १५ मे रोजी, शेतकऱ्यांचे संत सान इसिद्रो यांच्या सणाला, तिथली घरं भाताच्या पेंढ्या, भाज्या, फळं, विणलेल्या टोप्या आणि तांदळाच्या रंगीत पापड्या यांनी पार झाकून जातात. सणाचं नाव पहियास, पापड्यांचं नाव किपिंग. फोटोत बघणाऱ्याला ती कागदाची पानं वाटतात. असतात तांदळाची, आणि सण उरकला की तळून किंवा भाजून खातात.

ज्या घरात उन्हाळ्याच्या वाळवणात पानावरच्या सालपापड्या किंवा फेण्या होतात, त्या घराला किपिंग अर्धं येतंच. पीठ पानावर ओतायचं, वाफवायचं, सोलायचं, वाळवायचं: इथपर्यंत सगळं ओळखीचं. फरक पुढे आहे. सालपापडी वाकडी वाळली तरी तळणीत कोणी बघत नाही. किपिंगला मात्र पानाचा आकार, पानाच्या शिरांचा ठसा आणि सपाटपणा तिन्ही लागतात, कारण ते आधी उजेडात टांगलं जातं आणि मग खाल्लं जातं.

इथे करताना एक नियम सुरुवातीलाच ठरवून टाका: टांगलेली प्रत्येक वस्तू उतरवल्यावर खाता किंवा वाटता आली पाहिजे. कुठला रंग, कुठलं पान, कसला दोरा, भाजी कधी बांधायची, हे सगळं या एका नियमावरून आपोआप ठरतं. थर्माकोलचे गाजर-मुळे टांगून पहियास होत नाही, तो लग्नाचा हॉल होतो.

तांदूळ आणि पीठ

इंद्रायणी घरात असते म्हणून ती भिजवायला घेऊ नका. चिकट तांदळाचं पान सोलताना ताणलं जातं आणि वाळताना आक्रसतं. जुना कोलम किंवा रेशनचा जाडा तांदूळ चांगला. नुसत्या जुन्या तांदळाची पानं फारच कडक होऊन तडकत असतील, तर चार वाट्यांत अर्धी वाटी इंद्रायणी मिसळा, त्याहून जास्त नको.

अर्धा किलो तांदळात हाताएवढी, म्हणजे साधारण १५ सेंटीमीटर लांब आणि १० सेंटीमीटर रुंद, ७० पानं होतात. तांदूळ तीन-चार पाण्यांनी धुऊन सात-आठ तास भिजवा. फेण्यांसाठी तीन दिवस भिजवण्याची पद्धत आहे, ती इथे वापरू नका. आंबलेल्या पिठात बुडबुडे धरतात आणि वाफवल्यावर पानभर टाचणीएवढी भोकं पडतात. एप्रिल-मेच्या उकाड्यात पाणी मध्ये एकदा बदला, किंवा भांडं रात्री फ्रिजमध्ये ठेवा.

भिजलेला तांदूळ निथळून थोडं थोडं पाणी घालत मिक्सरमध्ये अगदी गंधासारखा वाटा आणि मलमलीच्या कापडातून गाळा. गाळायचा कंटाळा करू नका. एक रवाळ कण राहिला तरी वाळताना तडा तिथूनच सुरू होतो. अर्ध्या किलोला वाटतानाचं आणि नंतरचं मिळून पाऊण लिटरभर पाणी लागतं. तांदूळ जुना असेल तर थोडं अधिक. एक चमचा मीठ घाला. पीठ डोशापेक्षा पातळ आणि घावनापेक्षा दाट हवं. पळी बुडवून बाहेर काढा, तिच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघ तशीच राहिली तर पीठ बरोबर. लगेच बुजली तर पातळ झालंय. पळीवर पीठ थराने बसलं तर दाट आहे.

मोदकाच्या पिठीनेही काम होतं. एक वाटी पिठीला दोन वाट्यांना थोडं कमी पाणी घेऊन अर्धा तास भिजत ठेवायचं आणि गाळायचं. पान जरा खडबडीत होतं. पहिल्यांदा नुसता हात बसवायचा असेल तर पिठीवरच बसवा, वाटण्याची मेहनत वाया जायला नको.

पान कुठलं घ्यायचं

लुकबानमध्ये कबाल नावाच्या झाडाचं पान पूर्वापार वापरतात. कॉफी आणि कोकोची पानंही चालतात. पुण्यात यातलं काही सहज मिळत नाही. इथे सगळ्यांत भरवशाचं पान फणसाचं. कोकणात आणि कर्नाटकच्या किनाऱ्यावर त्याच्या द्रोणात इडल्या वाफवतात, तेव्हा अन्नाला लागलं तर काय, हा प्रश्न उरत नाही. देठाचा चीक पुसून घ्या म्हणजे झालं. मोठ्या आकाराला केळीचं पान कापून चालतं, पण त्याच्या शिरा समांतर असल्याने ठसा नुसत्या रेघांचा येतो. हळदीच्या पानावर केलं तर वास अप्रतिम लागतो, मात्र ही पानं पावसाळ्यात मिळतात आणि तेव्हा वाळवणाचे हाल होतात.

कण्हेर, रुई, अळू आणि कुंडीतली शोभेची पानं यांना हात लावू नका. कण्हेर विषारी आहे, रुईचा चीकही तसाच, अळू खाजतं, आणि शोभेच्या झाडांतलं कुठलं कसं हे भल्याभल्यांना माहीत नसतं. रस्त्याकडेच्या झाडाची पानंही नकोत. त्यांवरची काजळी एका धुण्यात जात नाही.

पान कोवळंही नको आणि जून होऊन कडक झालेलंही नको. कोवळं वाफेत मऊ पडून गुंडाळतं. जून पान मोडतं. देठ तीन-चार सेंटीमीटर ठेवून तोडा, तोच पुढे धरायला मूठ होतो. धुऊन, पुसून, तेलाचा बोट फिरवल्यासारखा हलका हात पानावर फिरवा. तेल जास्त झालं तर पीठ पानावर पसरत नाही, थेंब थेंब होऊन घरंगळतं. एक पान तीन-चार वेळा वापरता येतं. मऊ किंवा तपकिरी पडलं की फेका. म्हणजे ७० किपिंगला २० ते २५ पानं पुरतात.

शिरांचा ठसा ठळक हवा असेल तर पीठ पानाच्या मागच्या बाजूला लावतात, कारण शिरा तिथे उठलेल्या असतात. पण सोलायला ती बाजू अवघड. हात बसेपर्यंत गुळगुळीत वरची बाजूच घ्या.

ओतणं, वाफवणं, सोलणं

मोदकपात्र किंवा मोठ्या पातेल्यावर चाळणी ठेवून पाणी खळखळ उकळू द्या. झाकणाला आतून पंचा बांधा. झाकणावरून पाण्याचा थेंब पडला की पानावर खळगा पडतो, आणि उजेडात टांगल्यावर तोच खळगा सर्वांत आधी दिसतो.

पान देठाने धरून एक टेबलस्पून पीठ शिरेच्या मध्यावर ओता, पान कलतं करून कडेपर्यंत फिरवा आणि उरलेलं भांड्यात निथळू द्या. कुंचल्यानेही लावता येतं, पण पातळ-जाड पट्टे उमटतात. पीठ कडेपर्यंत जावं, कडेवरून पलीकडे उतरू नये. मागच्या बाजूला ओघळलेलं पीठ वाफेत घट्ट होतं, पानाला कडी घातल्यासारखं अडकतं आणि सोलताना टोक फाटतं. ओघळ आलाच तर वाफवण्याआधी बोटाने पुसा.

दर पानाआधी पीठ तळापासून ढवळा. हे सांगून सांगून कोणी करत नाही, आणि मग पहिली वीस पानं कांद्याच्या सालीसारखी व शेवटची वीस धिरड्यासारखी होतात. तांदळाचं पीठ दोन मिनिटांत तळाला बसतं, त्याला इलाज नाही.

वाफेला अडीच ते तीन मिनिटं. पांढरेपणा जाऊन पान अर्धपारदर्शक दिसलं आणि बोट लावल्यावर चिकटलं नाही की झालं. मध्ये पांढरा डाग राहिला तर तो भाग कच्चा आहे, वाळल्यावर तिथे पीठ सुटतं. पाच मिनिटांवर ठेवलं तर पान पाणी पितं आणि सोलताना लोळागोळा होतं.

बाहेर काढल्यावर एक-दीड मिनिट थांबा. गरम असताना ओढलं तर चिकटून फाटेल. जास्त थांबलात तरी फसाल: पुण्याच्या कोरड्या उन्हाळी हवेत कडा पाहता पाहता सुकतात आणि पानाला घट्ट धरून बसतात. लुकबानची हवा दमट, तिथे हा घोर कमी. त्यामुळे इथे एका वेळी पाच-सहा पानंच वाफवा, ती सोला, मग पुढची लावा. सोलायची रीत उलटी आहे: पापडी उचलायची नाही, पान उचलायचं. पिठाची बाजू ओल्या पिळलेल्या कापडावर पालथी टाका, देठ धरून झाडाचं पान हळूच मागे ओढा. पापडी कापडावर सपाट राहते.

दोन माणसं असतील तर एकाने ओतावं-वाफवावं आणि दुसऱ्याने नुसतं सोलावं. एकट्याने दोन्ही करायला गेलं की एक तरी घाणा जास्त शिजतो.

रंग

वाटलेल्या पिठाचे पाच भाग करा. लुकबानमध्ये गुलाबी, पिवळा, केशरी, हिरवा, लाल असे भडक रंग चालतात, आणि ते तसेच असावेत. फिकट, शालीन किपिंग दहा फुटांवरून दिसतच नाही. खाण्याचा रंग, पाकिटावर परवाना क्रमांक असलेला, चिमूटभर घेऊन चमचाभर पाण्यात विरघळवा आणि मग पिठात मिसळा. कोरडा टाकला तर ठिपके राहतात. ओल्या पिठात रंग दुधाळ आणि फिका दिसतो. वाफेनंतर पीठ पारदर्शक झालं की तोच रंग एकदम उघडतो. म्हणून एक पान वाफवून बघितल्याशिवाय दुसरी चिमूट टाकू नका.

घरचे रंग वापरायचे तर हळद आणि गोकर्ण या दोनच गोष्टी विश्वासाच्या. एक वाटी पिठाला पाव चमचा हळद पुरते. गोकर्णाची पंधरा-वीस निळी फुलं अर्धी वाटी कढत पाण्यात ठेवून निळं पाणी काढा, लिंबाचे चार थेंब टाकले की जांभळं होतं. हे पाणी पीठ वाटताना घालायच्या पाण्यातून वजा करायला विसरू नका. बीट ओल्या पिठात फार सुंदर दिसतो आणि वाफेत विटतो. पालक शेवाळी होतो. रांगोळीचे, होळीचे, कापडाचे रंग अजिबात नकोत, 'ही नुसती टांगायची आहेत' असं म्हणूनही नकोत. लहान मुलं टांगलेलं खाऊन बघतातच.

वाळवणं

वाळवण म्हटलं की पाय गच्चीकडे वळतात. किपिंग गच्चीवर नेऊ नका. मेच्या उन्हात ते अर्ध्या तासात होडीसारखं वळतं, कडा तडकतात आणि गुलाबी रंग उडतो. घरात, सावलीत, मलमलीवर पसरा. पंखा मंद ठेवा. तास-दीड तासात पापडी चामट होते, म्हणजे वाकते पण ओली लागत नाही.

भोक पाडायचं ते याच अवस्थेत. देठाकडच्या टोकापासून एक सेंटीमीटर आत, उदबत्तीच्या नव्या काडीने किंवा जाड सुईने. पूर्ण वाळल्यावर भोक पाडायला गेलात तर पान दुभंगतं.

भोकं पाडून झाली की दहा-दहा पानांची चवड लावा, प्रत्येक दोन पानांत सुती कापडाचा किंवा बटर पेपरचा तुकडा घाला, वर पाट आणि पाटावर दोन-अडीच किलोचं वजन. रात्रभर दाब द्या. सकाळी चवड मोडून पुन्हा सावलीत दिवसभर वाळवा, दुपारी एकदा उलटा. टिचकी मारल्यावर कडकडीत आवाज आला की डब्यात भरायला हरकत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात ती पुढचा उन्हाळा बघतात. पावसाळ्यात मात्र डबा वरचेवर उघडू नका. दमट हवेत किपिंग मऊ पडून लोंबतं, आणि बुरशी आली तर आधी दाबातल्या पानांच्या मध्यभागी येते, तेव्हा वरची दोन पानं बघून निश्चिंत राहू नका.

आरांग्या, म्हणजे किपिंगचं झुंबर

लुकबानच्या खिडक्यांतून किपिंगची जी थरांची झुंबरं लोंबतात, ती आरांग्या. घरच्या बाल्कनीला तीन थर पुष्कळ झाले. बुरूड आळीतून बांबूच्या कामट्या वळवून तीन कडी करून घ्या: ६०, ४० आणि २० सेंटीमीटर व्यासाची. दहा सेंटीमीटर रुंदीची पानं एकमेकांवर अर्धी चढवत लावली की दर पाच सेंटीमीटरला एक पान लागतं. मोठ्या कड्याला ३८, मधल्याला २५, लहानाला १३, एकूण ७६. बांधताना पाचातलं एक तरी मोडतं, म्हणून शंभरभर तयार ठेवा. त्याला पाऊण किलो तांदूळ लागतो.

मोठं कडं वर, लहान खाली. कडी एकमेकांपासून १५ सेंटीमीटरवर, चार जागी सुतळीने जोडायची. आधी सांगाडा हुकाला टांगा, तो समतोल लटकतोय का बघा, आणि मगच पानं बांधायला घ्या. जमिनीवर पानं बांधून मग उचललेलं आरांग्या हुकापर्यंत पोचेपर्यंत निम्मं होतं. पानं बांधायला सुती दोराच घ्या. स्टेपलर, टाचण्या, तार, नायलॉन काही नको, तळणीत टाचणी गेली तर कोणाच्या तरी घशात जाईल. गाठ सैल असावी, पानाला झुलायला जागा लागते. आवळून बांधलं तर वाऱ्याच्या पहिल्या झोतात भोकापासून फाटतं.

रंग थराथराने वेगळे ठेवा किंवा गोल गोल आळीपाळीने लावा, पण ठिकठिकाणी मिसळू नका, दुरून चिखल दिसतो. दिवा आत लावायचा मोह होईल. छोटा एलईडी चालेल. पणती, मेणबत्ती, आकाशकंदिलातला जुना तापणारा बल्ब नको, वाळका तांदूळ आणि बांबू दोन्ही जळतात.

बाकीची दर्शनी बाजू

लुकबानमध्ये मिरवणूक दरवर्षी सगळ्या रस्त्यांवरून जात नाही. मार्ग बदलतो आणि ज्या रस्त्यावरून जाईल तिथली घरं सजतात. सोसायटीत करायचं तर हीच रीत उचला. पाच विंग असतील तर दर वर्षी एकच विंग. सगळ्यांनी एकदम करायला घेतलं की भाजी अर्धी वाया जाते आणि दुसऱ्या वर्षी कोणी फिरकत नाही.

तारखेचं जरा समजून घ्या. १५ मे ही तिथली तारीख. आपल्या मावळ-मुळशीचं भात दिवाळीच्या आगेमागे निघतं. मे महिन्यात पुण्यात भाताची पेंढी मागायला गेलात तर गुरांसाठी ठेवलेला चुरगळलेला पेंढा मिळेल. मेमध्येच करायचं तर गव्हाच्या ओंब्या आणि ज्वारीची कणसं मार्चमध्येच बांधून ठेवा, उंदरांपासून वर टांगून. आणि ताज्या भाताच्या लोंब्या हव्याच असतील तर सरळ मार्गशीर्षात करा. हवा कोरडी, ऊन मऊ, भाजी दिवसभर टिकते. तारखेच्या हट्टापेक्षा ते बरं.

मेमधल्या सजावटीला मंडई किंवा मार्केट यार्डातून पहाटे या गोष्टी आणा: देठासकट कैऱ्या, लिंबं, वांगी, हिरव्या-लाल मिरच्या, सालासकट मक्याची कणसं, कांद्या-लसणाच्या वेण्या, दुधी, लाल भोपळे, कच्च्या केळ्यांचा घड. पिकलेले आंबे टांगू नका, माश्या आणि घुंगुरटी गोळा होतात. टोमॅटो दुपारपर्यंत गळतो. पालेभाजी मेच्या उन्हात तीन-चार तासांत मान टाकते, ती लावायचीच तर सर्वांत शेवटी, मुळं पाण्याच्या छोट्या बाटल्यांत बुडवून.

फळाला कधी टोचून दोरा ओवू नका. टोचलेली कैरी संध्याकाळपर्यंत काळी पडते आणि मग ती कोणाला द्यायची? जड फळाला सुतळीचं शिंकं करा. भोपळे, कलिंगडं, केळ्यांचा घड खाली ओट्यावर किंवा पायरीवर. कमरेच्या वर फक्त हलकं. केळ्यांचा पूर्ण घड सहज बारा-पंधरा किलो भरतो, बाल्कनीच्या गजाला बांधून रस्त्यावर लोंबता ठेवण्याची ती वस्तू नव्हे. लुकबानच्या विणलेल्या टोप्यांच्या जागी इरली, सुपं, रोवळ्या, परड्या लावा. इरलं मागच्या बाजूला लावून त्याच्यापुढे आरांग्या टांगलं तर रंग उठून दिसतो. जिना, लिफ्टचं दार आणि आगीच्या वेळी लागणारी वाट मोकळी राहिली पाहिजे, यावर सोसायटीशी वाद घालू नका.

एक गोष्ट जपून. मिरवणुकीत सान इसिद्रोंची मूर्ती असते आणि पीक त्यांच्यापुढे मांडलेलं असतं. त्यांना १६२२ साली संतपद मिळालं. ते प्रार्थनेत असताना देवदूत त्यांचा नांगर धरत, अशी कथा आहे. सोसायटीतल्या कॅथलिक कुटुंबांना आधी विचारा, ते पुढाकार घेणार असतील तर प्रश्नच नाही. नाहीतर मूर्ती शोभेला मांडू नका, पिकाची सजावट पुरे.

उतरवण्याची वेळही आधी जाहीर करा: सकाळी सातला बांधून, संध्याकाळी सहाला उतरवून, साडेसहाला वाटप. याच प्रांतातल्या सारियायामध्ये मिरवणूक पुढे सरकली की बांबूला टांगलेल्या वस्तू लोक झडप घालून लुटतात, आणि तायाबासमध्ये सुमान, म्हणजे पानात गुंडाळलेला चिकट भात, गर्दीकडे फेकतात. दहीहंडी बघितलेल्या पुणेकरांना ही लूट समजावून सांगायला नको. पण पार्किंगमध्ये शिडीभोवती ती करू नका. टोपल्या भरून दारोदार द्या. रस्त्याच्या बाजूला टांगलेलं किपिंग धुळीने माखतं आणि धुता येत नाही. सुरुवातीच्या नियमाला एवढाच अपवाद, ते खतात टाका. खायचं म्हणून वीस-पंचवीस पानं डब्यात वेगळी राखून ठेवा. कडकडीत तेलात पाच-सहा सेकंदांत फुलतात. सोबत सिरक्यात ठेचलेला लसूण, मिरची आणि मीठ. तिथे सिरका हवाच, चटणीने ती चव येत नाही.

पोटापाण्याचं

सोबत पान्सित हबहब ठेवा, करायला सोपं आणि मुलांना मजा. चौघांना ३०० ग्रॅम नूडल्स, एक गाजर, पाव कोबी, दुधीच्या पातळ काचऱ्या. तिथे दुधीसारखीच सायोते नावाची फळभाजी आणि बहुधा डुकराचं मांस असतं. लसूण-कांदा परतून भाज्या घाला, तीन वाट्या पाणी आणि तीन चमचे सोया सॉस घालून उकळा, नूडल्स त्यातच शिजवा. पाणी वेगळं काढून टाकायचं नाही, नूडल्सनी ते प्यायलं पाहिजे. केळीच्या पानाच्या वीतभर तुकड्यावर वाढा, वर सिरका. चमचा नाही, काटा नाही, हातही नाही: पान तोंडापाशी न्यायचं आणि खायचं.

मूळ सण बघायला जायचं असेल तर

भारतीयांना ८ जून २०२५ पासून पर्यटनासाठी १४ दिवस व्हिसा लागत नाही. मुदत वाढत नाही. सहा महिने वैध पासपोर्ट, परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि खर्चाची ऐपत दाखवावी लागते. तिकीट काढताना नियम पुन्हा बघून घ्या, ते बदलतात. पुण्याहून मनिलाला थेट विमान नाही, एकदा तरी बदलावं लागतं. मनिलाहून बसने लुसेना तीन-चार तास, तिथून 'जीपनी' नावाच्या तिथल्या प्रवासी गाडीने लुकबान. १५ तारखेच्या सकाळी हेच अंतर किती लांबेल ते सांगता येत नाही, म्हणून १४ ला दुपारीच पोचा. लुकबानमधल्या खोल्या कित्येक महिने आधी भरतात. तायाबास किंवा लुसेनाला राहिलात तरी चालतं.

१४ ला रात्री घरं सजवण्याचं काम चालू असतं. किपिंग कसं बांधतात ते तेव्हाच दिसतं, दुसऱ्या दिवशी नुसती गर्दीची डोकी दिसतात. १५ ला पहाटे साडेपाचला बाहेर पडा, उजेड तिरपा असतो आणि आरांग्यातून आरपार दिसतो. लुकबान, तायाबास, सारियाया आणि गुमाका या चारही गावांत सण त्याच दिवशी असतो. चारही बघू म्हणणारे दिवसभर गाडीतच बसतात. दुपारपर्यंत लुकबान आणि मग परतीच्या वाटेवरचं तायाबास, एवढंच करा. गुमाका लुसेनाच्या पलीकडे बरंच लांब, ते दुसऱ्या वर्षाला ठेवा. ज्यांना सजावटीपेक्षा जनावरांचं वेड आहे त्यांनी केसॉन सोडून बुलाकान प्रांतातलं पुलिलान गाठावं. तिथे त्याच सणाला सजवलेल्या म्हशी-रेडे चर्चपुढे गुडघे टेकतात. पोळा बघणाऱ्याला ते जास्त भिडेल.

दुपारी पाऊस येऊ शकतो, छत्री ठेवा. शाकाहारी माणसाची अडचण खरी आहे. लुकबानचं नाव लोंगानिसा या डुकराच्या सॉसेजसाठी आहे, आणि भाजीच्या पदार्थातही माशाचा रस किंवा कोळंबीची चटणी असते. 'वालांग कार्ने, वालांग इस्दा', म्हणजे मांस नको, मासे नकोत, एवढं पाठ करा, आणि 'वालांग पातिस, वालांग बागोओंग', म्हणजे माशाचा रस नको, कोळंबीची चटणी नको, हेही जोडा, नाहीतर माशाचं पाणी घातलेली भाजी शाकाहारी म्हणून समोर येईल. सुमान, केळी आणि मेमधले तिथले आंबे यांवर दोन दिवस आरामात निघतात. किपिंग विकत घेतलंत तर कपड्यांच्या बॅगेत घालू नका. स्टीलच्या डब्यात, पानांमध्ये कागद घालून, हातातल्या सामानात आणा.